मोबाईलवर बोलत गाडी चालवणारे सुटतात कसे? वाहतूक शाखेत काम केलेल्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही कासारवडवलीहून ऐरोलीला रोज बाईकने जाता, मानपाड्याच्या पुढे एका कारने तुम्हाला कट मारला, ड्रायव्हरच्या हातात मोबाईल होता हे तुम्ही स्वतः पाहिलंत, थोडं पुढे पॉइंटवर उभ्या असलेल्या पोलिसाला सांगितलंत तर तो म्हणाला "मी बघितलं नाही, आता काय करू". त्यावरून तुमचे चार प्रश्न आहेत : कायदा आहे तर पकडत का नाहीत, दंड सरळ दहा हजार का करत नाहीत, ब्लूटूथवर बोललेलं चालतं का, आणि आपण तक्रार केली तर काही होतं का.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय, नोकरीतली बरीच वर्षं वाहतूक शाखेत गेली, जास्त ठाण्यात आणि काही काळ नवी मुंबईत. त्यामुळे रस्त्यावर उभं राहून हे काम करताना काय जमतं आणि काय जमत नाही ते सांगू शकतो. सगळीकडे एकच उत्तर लागू होत नाही हे आधीच सांगतो, ठाण्यातल्या घोडबंदर रोडला जे चालतं ते नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर चालत नाही, पुढे त्यावर येतोच.

आधी मूळ अडचण. तुम्हाला वाटतंय की पोलीस बघतात आणि सोडून देतात. काही ठिकाणी तसं होतही असेल, मी नाकारत नाही. पण खरी गोष्ट अशी की हा गुन्हा दोन सेकंदात नाहीसा होतो. हेल्मेट नसलं तर माणूस पोलिसापर्यंत येईस्तोवर डोक्यावर उगवत नाही. नो पार्किंगमधली गाडी तिथेच उभी असते. सिग्नल तोडला तर कॅमेऱ्यात तोडताना दिसतो. मोबाईलचं तसं नाही, शंभर मीटरवरून पांढरा शर्ट दिसला की फोन मांडीवर पडतो, हात स्टिअरिंगवर येतो आणि चेहरा एकदम सभ्य होतो. त्या पोलिसाला तुम्ही सांगेपर्यंत तुमच्या कारवाल्याच्या हातात काही नव्हतं, आणि ज्याने स्वतः पाहिलं नाही त्याने चलन केलं तर ते पुढे टिकत नाही. "मी बघितलं नाही" हे त्याचं उत्तर तुम्हाला उडवाउडवीचं वाटलं, पण त्या क्षणी त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. नंबर लिहून घ्यायला हवा होता आणि पुढच्या पॉइंटला कळवायला हवं होतं, तेवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंगचं. २०१९ च्या दुरुस्तीत त्यात स्पष्टीकरण घातलं की सिग्नल तोडणं, स्टॉप साईन न पाळणं, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक, उलट दिशेने गाडी घालणं आणि हातात धरलेलं संपर्काचं साधन गाडी चालवताना वापरणं, हे सगळं धोकादायक ड्रायव्हिंगच. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड. म्हणजे तुम्ही मागताय ते दहा हजार कायद्यात आहेतच, फक्त दुसऱ्या वेळेला.

रस्त्यावर जी पावती होते ती कोर्टाची शिक्षा नसते, ती तडजोड असते, आणि तिचे दर राज्य सरकार ठरवतं. केंद्राची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाली, पण आपल्या राज्यात वाढीव दर यायला डिसेंबर २०२१ उजाडला. तेव्हापासून मोबाईलसाठी दुचाकीला एक हजार, चारचाकीला दोन हजार आणि इतर मोठ्या गाड्यांना चार हजार.

दंड आणखी वाढवावा का? माझं मत नाही असंच आहे, आणि हे मी रस्त्यावर बघून सांगतोय. दंड वाढला की रस्त्यावरचा वाद वाढतो. दोनशे रुपयांची पावती असायची तेव्हा माणूस तोंड वाकडं करून भरून जायचा, दोन हजार म्हटलं की लगेच फोन फिरवतो, कुठल्या तरी साहेबांना, नगरसेवकाला, दादाला. मग एका गाडीवर दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात मागून फोनवर बोलत पन्नास जण निघून जातात. दुसरं म्हणजे जितकी रक्कम मोठी तितका हवालदाराचा हात आखडतो, डिलिव्हरीवाल्या पोराला एक हजाराचं चलन करताना त्याची दिवसाची कमाई समोर दिसते, माणूसच आहे शेवटी. तिसरं, ई-चलन रोख भरायची सक्ती नसते, त्यामुळे ते नुसतं गाडीच्या नावावर चढतं आणि लोक लोकअदालतीची वाट बघत बसतात. पाच चलनं थकलेली आहेत आणि सहावं होतंय याची ज्याला फिकीर नाही त्याला दहा हजार लिहिले काय आणि वीस हजार लिहिले काय, सारखंच.

माणूस फोन खाली कधी ठेवतो? आपण नक्की पकडले जाऊ असं वाटलं की. रक्कम नंतर येते. रात्रीच्या नाकाबंदीचं उदाहरण घ्या, ३१ डिसेंबरला जी पोरं ड्रायव्हर ठरवून निघतात ती दंडाचा आकडा पाठ करून निघत नाहीत, आज जागोजाग तपासणी आहे आणि मशीनमध्ये फुंकायला लावतील एवढंच त्यांना माहीत असतं.

त्यामुळे आता पकडायचं कसं त्यावर येतो, कारण सगळं इथेच अडतं.

एकटा पोलीस मोबाईलची केस नीट करू शकत नाही. जोडी लागते. एक जण पुढे, शंभर-दीडशे मीटर आधी, जिथून गाड्या त्याच्याकडे येताना दिसतात पण तो पटकन नजरेत भरत नाही, त्याच्याकडे चलनाचं मशीन नको, वॉकी पाहिजे. तो फक्त बघणार आणि सांगणार, पांढरी कार, शेवटचे चार आकडे अमुक, उजव्या कानाला फोन. दुसरी टीम पुढे जिथे गाडी बाजूला घेता येते तिथे. थांबवलं की पहिलं वाक्य "फोनवर बोलत होता का" असं विचारायचं नाही, कारण उत्तर "नाही" हेच येणार. "तुमच्या उजव्या कानाला काळा फोन होता, मागच्या बस स्टॉपपासून बोलत आलात" असं नेमकं सांगितलं की दहातले आठ जण वाद घालत नाहीत. ज्याने पाहिलं त्याचं नाव आणि पॉइंट नोंदीत यायला पाहिजे, पुढे कोर्टात गेलं तर साक्ष त्याची.

फोटोचंही असंच. लोक नंतर म्हणतात मी कान खाजवत होतो, पाण्याची बाटली होती, पाकीट होतं. नंबर प्लेट दिसतेय पण हातातला फोन दिसत नाही असा फोटो असला तर तक्रार आली की चलन रद्द होण्याची शक्यता मोठी, आणि तसं व्हायलाच पाहिजे. पोलिसांनी स्वतःच्या खाजगी मोबाईलवर फोटो काढून नंतर ते मशीनवर चढवायचे हा प्रकार बराच चालायचा, त्यावर जुलै २०२५ मध्ये अपर पोलीस महासंचालक, वाहतूक यांच्या कार्यालयाने परिपत्रक काढून बंदी घातली. मला तो निर्णय योग्य वाटतो. कधी काढला, कुठे काढला हे मशीनवर आपोआप नोंदलं जातं, खाजगी फोनवरच्या फोटोबद्दल उद्या कोणीही शंका घेऊ शकतं.

जागेचा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यात मेट्रोच्या कामाने लेन खाल्ल्या, खड्डे आहेत, अवजड गाड्या आहेत, तिथे संध्याकाळी एक कार बाजूला घ्यायची म्हटली तर तिला उभं करायला जागा नसते, ती दोन मिनिटं उभी राहिली की मागे पातलीपाड्यापर्यंत रांग. पॉइंटवरच्या माणसाला वरून सूचना असते की वाहतूक थांबता कामा नये. तो नियमन करणार की कारवाई करणार? दोन्ही एकाच माणसाकडून होत नाही. म्हणून या रोडला मोबाईलची कारवाई पुलाखाली आणि सर्व्हिस रोडच्या तोंडाशी, गर्दी कमी असते त्या वेळात करायला लागते. तुम्ही पाहिलात तो पोलीस बहुधा नियमनाच्या ड्युटीवर असेल.

पाम बीचची गोष्ट उलट. रस्ता मोकळा, सिग्नल लांब लांब, गाड्या वेगात. तिथे धावत्या गाडीला हात करून थांबवणं पोलिसाच्या आणि मागच्या गाडीच्या जिवाशी खेळ. तिथे बघणारा मधल्या भागात ठेवायचा आणि पकडायचं सिग्नलला, बेलापूरकडे किल्ला जंक्शनच्या अलीकडे किंवा सानपाड्याला मोराज सर्कलजवळ, जिथे वेग आधीच उतरलेला असतो. ठाणे-बेलापूर रोडला तिसराच प्रकार, ट्रेलर, डंपर आणि कंपन्यांच्या बसेस, ड्रायव्हरची केबिन इतकी उंच की खाली उभ्या असलेल्या माणसाला हातातलं काही दिसतच नाही. इंग्लंडमध्ये पोलीस यासाठी स्वतः ट्रकच्या केबिनमध्ये बसून बाजूने जाणाऱ्यांवर नजर ठेवतात. आपल्याकडे पादचारी पूल आणि स्कायवॉक आहेत की, वरून बघितलं तर मांडीवरचा फोनसुद्धा स्पष्ट दिसतो. मांडीवर फोन ठेवून मेसेज वाचणारा हा कानाला लावून बोलणाऱ्यापेक्षा वाईट, कारण त्याचे डोळेच रस्त्यावर नसतात. ताशी साठने गाडी चाललीये आणि पाच सेकंद नजर खाली गेली तर गाडी ऐंशी मीटरहून जास्त आंधळेपणाने पुढे गेलेली असते.

कॅमेऱ्यांनी हे सुटेल का असं बरेच जण विचारतात. थोडंफार सुटेल. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने उंचावरून काचेतून आत बघणारे कॅमेरे लावले आणि मार्च २०२० पासून दंड सुरू केला, कॅमेऱ्याने निवडलेला फोटो माणूस तपासतो आणि मगच पावती जाते. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम आला, त्यात कॅमेऱ्याने पकडायच्या गुन्ह्यांत हातातल्या फोनचा समावेश आहे, पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची आणि कॅमेरा आहे असा बोर्ड लावायचा हेही त्यातच आहे. कळंबोलीहून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून अशी यंत्रणा चालू आहे. पण कॅमेऱ्याची मर्यादा समजून घ्या. कॅमेरा गाडीचा नंबर पकडतो, ड्रायव्हरला नाही. चलन मालकाच्या नावावर जातं. कंपनीची गाडी असेल, टॅक्सी असेल, मुलगा वडिलांची गाडी चालवत असेल तर ज्याच्या हातात फोन होता त्याला काही लागतच नाही. कलम १३३ खाली मालकाला विचारता येतं की त्या वेळी कोण चालवत होतं, पण हे विचारायला आणि पाठपुरावा करायला मनुष्यबळ लागतं, म्हणजे परत तिथेच आलो.

थांबवून पकडण्याचा मोठा फायदा म्हणजे लायसन्स, आणि माझ्या मते या कायद्याचा खरा दात तिथे आहे. कलम २०६ चं पोटकलम ४ असं सांगतं की १८४ चा गुन्हा झाला असं वाटण्यासारखं कारण असेल तर पोलिसाने लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं, अपात्र ठरवण्यासाठी किंवा रद्द करण्यासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये तर गाडी चालवताना मोबाईल वापरणं हे लायसन्स निलंबित करण्याचं कारण म्हणून सरळ लिहिलेलंच आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने, न्यायमूर्ती राधाकृष्णन अध्यक्ष असताना, सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की दारू, ओव्हरस्पीड, सिग्नल तोडणं यांच्या बरोबरीने मोबाईललाही किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. आणि फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट, तडजोडीची रक्कम भरली म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही, कलम २०० मध्येच लिहिलंय की दंड भरला तरी तो गुन्हा पुढच्या वेळी मोजताना पहिला गुन्हा म्हणून धरायचा, आणि २०६ ची लायसन्सची कारवाई त्याने टळत नाही.

मग होत का नाही? कारण त्याला कागद लागतो आणि पाठपुरावा लागतो. पोलिसाने प्रस्ताव करायचा, आरटीओने त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यायची, कारण सुनावणीशिवाय लायसन्स अडवता येत नाही, मग आदेश काढायचा. लायसन्स ठाण्याचं असलं तर ठीक, साताऱ्याचं किंवा परराज्यातलं असेल तर प्रस्ताव तिकडे. आता लायसन्स डिजीलॉकरमध्ये असतं, हातात घ्यायला काही नसतं, ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे नोंद पोर्टलवर करायची असते. चलन दोन मिनिटांत होतं, प्रस्तावाला वेळ जातो, आणि महिन्याच्या बैठकीत विचारतात किती चलनं केली, किती लायसन्सचे प्रस्ताव पाठवले आणि त्यातले किती मंजूर झाले हे क्वचित विचारलं जातं. जे मोजतात तेच होतं. मी एका युनिटला असताना आम्ही ठरवून असं केलं की मोबाईलच्या दुसऱ्या केसला चलनाबरोबर प्रस्ताव जाणारच, अपवाद नाही. संख्या फार नव्हती, पण रिक्षा स्टँडवर आणि टेम्पोवाल्यांत ही बातमी पसरली, तीन महिने गाडी बंद म्हणजे घर बंद हे त्यांना कळतं. पोटावर पाय द्यायची मला हौस नव्हती, पण त्या स्टँडवरच्या लोकांनी फोन डॅशबोर्डवर लावायला सुरुवात केली ही वस्तुस्थिती आहे.

पोलीस स्वतः बाईकवर फोनवर बोलत जातात त्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात असणार. कलम २१०-ब आहे त्यासाठी, कायदा राबवणाऱ्यानेच गुन्हा केला तर दंड दुप्पट. हे कलम वापरलं गेलं पाहिजे, आणि प्रत्येक हद्दीत वरिष्ठांनी ते आधी आपल्या माणसांवर वापरावं असं माझं ठाम मत आहे, नाहीतर रस्त्यावर समोरचा पहिला टोमणा तोच मारतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, तरतूद पुरेशी आहे, रक्कम पुरेशी आहे, कमी पडतंय ते दोघांच्या जोडीने बघून पकडणं आणि लायसन्सचा प्रस्ताव शेवटपर्यंत नेणं.

आता ब्लूटूथ. कलम १८४ मध्ये शब्द आहे हातात धरलेल्या साधनाचा. त्यामुळे कानात इअरबड किंवा गाडीच्या स्पीकरवर बोलणाऱ्याला या तरतुदीखाली पकडणं कठीण, मात्र तो बोलता बोलता लेन सोडत असेल, सिग्नलला अडून बसला असेल तर नीट काळजी न घेता चालवणं म्हणून त्याच कलमात बसू शकतं. हेल्मेटच्या आत खोचलेला फोन किंवा मान वाकडी करून खांद्यावर धरलेला फोन, यात हात नाही असा युक्तिवाद लोक करतात. मी तिथे कारवाई करायचो, मान एका बाजूला पडलेला माणूस उजवीकडचा आरसा बघू शकत नाही, यापेक्षा धोकादायक काय असतं.

पण कायद्यात बसत नाही म्हणजे सुरक्षित आहे असं समजू नका. टोरंटोमध्ये अपघात झालेल्या ६९९ ड्रायव्हरांची फोनची बिलं तपासून एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला, त्यात फोनवर असताना अपघाताचा धोका चौपट आढळला आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना वेगळा फायदा काही दिसला नाही. मला हे पटतं कारण अपघातानंतर जबाब घेताना "समोर होता पण दिसलाच नाही साहेब" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. डोळे रस्त्यावर असतात, डोकं घरच्या भांडणात किंवा ऑफिसच्या टार्गेटमध्ये असतं. बाजूला बसलेला माणूस रस्ता अवघड झाला की आपोआप गप्प बसतो, फोनवरच्या माणसाला तुमचा रस्ता दिसत नाही.

मॅपची सूट आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत आलं की हातातलं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. याचा अर्थ निघायच्या आधी ठिकाण टाकायचं, फोन होल्डरला लावायचा आणि आवाज ऐकत जायचं. एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हातात मॅप, याला ही सूट नाही.

डिलिव्हरीवाल्यांबद्दल लोक खूप चिडून लिहितात. ती पोरं फोन हातात धरतात कारण त्यांचं कामच फोनवर येतं, चालत्या गाडीवर ऑर्डर येते आणि ठरलेल्या सेकंदात ती घ्यायची असते. पोराला पकडून एक हजार घेतले तरी अर्ध्या तासाने तो परत तेच करणार, तसं केल्याशिवाय त्याचा धंदा होत नाही. गाडी चालू असताना ऑर्डर येणार नाही अशी सोय अ‍ॅपमध्येच करता येते, आणि दबाव तिथे आणायला हवा, पोलिसांनी, परिवहन विभागाने आणि आपण गिऱ्हाइकांनीही. निदान "कुठे पोचलास" म्हणून तो गाडीवर असताना फोन करू नका. आपण त्याला फोन करतो, तो उचलतो, आणि दोष त्याचा निघतो.

तक्रारीचा उपयोग होतो का? होतो, पण त्यात दम असला पाहिजे. महाट्रॅफिक अ‍ॅपवर नागरिकांना कळवायची सोय आहे. फोटो किंवा व्हिडिओमध्ये नंबर प्लेट आणि हातातला फोन दोन्ही दिसायला हवेत, तारीख, वेळ, जागा आणि कुठून कुठे जाताना हे लिहा. कृपा करून बाईक चालवत स्वतः व्हिडिओ काढू नका, तो तोच गुन्हा आहे आणि तुमचा जीव जाईल ते वेगळं. मागे बसलेल्याने काढावा, किंवा हेल्मेटला आणि डॅशबोर्डला लावलेला कॅमेरा असेल तर त्यातला तुकडा द्यावा. एकट्या फोटोवर दर वेळी चलन होईलच असं नाही. पण एकाच जागेच्या, एकाच वेळेच्या चार-पाच तक्रारी आल्या तर तिथल्या वाहतूक उपशाखेला तिथे मोहीम लावायला कारण मिळतं, आणि मला तरी अशा तक्रारींचा उपयोग व्हायचा, कारण आमची माणसं कुठे उभी करायची हे त्यावरून ठरायचं. सोसायटीच्या लेटरहेडवर दिलेला अर्ज एकट्याच्या पोस्टपेक्षा लवकर हलतो.

आणि एक गोष्ट, देव करो आणि वेळ न येवो. अपघात झाला आणि समोरचा फोनवर होता असा संशय असेल तर पहिल्याच दिवसापासून ते कागदावर आणा. आपल्याकडे फिर्यादीत ठरलेली वाक्यं असतात, "भरधाव वेगाने, हयगयीने, निष्काळजीपणे व वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून". त्यात मोबाईल कुठेच नसतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, केंद्राच्या अहवालात त्यातले एकाहत्तर टक्के मृत्यू वेगाच्या खात्यावर आहेत आणि मोबाईलचे दोन टक्क्यांच्या आसपास. माझा अनुभव सांगतो की मोबाईलचा खरा वाटा याहून बराच मोठा आहे, तो नोंदलाच जात नाही, आणि नोंदला जात नाही म्हणून त्याच्यासाठी माणसं आणि साधनंही मिळत नाहीत.

म्हणून तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की चालकाच्या नंबरचा सीडीआर, म्हणजे मोबाईल कंपनीकडची कॉलची नोंद, मागवावा, अपघाताच्या आधीची आणि नंतरची पंधरा-वीस मिनिटं. पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तो मागता येतो आणि कंपन्यांना दोन वर्षांपर्यंतची नोंद ठेवावी लागते, पण उशीर करू नका, कारण अपघाताची नेमकी वेळ जितकी ताजी तितकी पक्की. सीडीआरमध्ये साधे कॉल आणि एसएमएस दिसतात, व्हॉट्सअ‍ॅप कॉल दिसत नाही, त्यासाठी इंटरनेट वापराची नोंद वेगळी मागवायला लागते, आणि हे अर्जात स्पष्ट लिहिलं नाही तर बहुतेक वेळा राहून जातं. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत हवं, नाहीतर कोर्टात ती प्रिंट कामाची नाही. फौजदारी केसला याचा उपयोग आहेच, जुलै २०२४ पासून निष्काळजीपणाने मृत्यूला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाई मागताना "चूक कोणाची" या मुद्द्यावर समोरच्या विमा कंपनीला उत्तर द्यायला हा कागद फार मोलाचा ठरतो.

तुमच्या बाबतीत नुसता कट मारून गेलाय, लागलं काही नाही, तर सीडीआरपर्यंत जायची गरज नाही. नंबर पूर्ण आठवत असेल तर तारीख, वेळ, तुम्ही आणि तो कुठल्या दिशेने जात होतात आणि पॉइंटवरच्या पोलिसाला काय सांगितलंत ते लिहून तिथल्या उपशाखेत अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्याच रस्त्याने जाणारे तुमच्या सोसायटीतले आणखी कोणी असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. कुठल्या वेळेला तिथे जोडी लावून कारवाई करावी हेही अर्जात सुचवा, तुम्ही रोज जाता, तुम्हाला ते पॉइंटवरच्या माणसापेक्षा चांगलं माहीत आहे. अर्ज कसा लिहायचा अडलं तर इथेच विचारा, मी मजकूर करून देतो.